खाटेपाशी भरणारा वर्ग

मी मराठीचा प्राध्यापक आहे. वीस वर्षे झाली, ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत सगळ्यांना मी पंचेचाळीस मिनिटांच्या तासात बसवीत आलो आहे. इस्पितळाशी माझा संबंध कोणाही गृहस्थाचा असतो तेवढाच : डबा पोचवणे, बाकावर बसून राहणे आणि बिल पाहून गप्प होणे. तेव्हा आमच्या गावच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एके दिवशी फोन आला की, ‘आमच्या मुलांना मराठी शिकवायला याल का?’ तर मला वाटले, नंबर चुकला.

नंबर बरोबर होता. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या एम.बी.बी.एस.च्या १०० जागांपैकी १५ जागा अखिल भारतीय यादीतून भरल्या जातात, आणि पुढच्या एम.डी., एम.एस.च्या तर निम्म्या. म्हणजे राजस्थानातला मुलगा नि केरळातली मुलगी आमच्या गावी येऊन डॉक्टर होतात. मुले हुशार, कष्टाळू. पण वॉर्डातला म्हातारा तोंड उघडतो आणि यांचे डोळे पांढरे होतात. २०१९ साली वैद्यकीय अभ्यासक्रम बदलला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या आरंभी एक पायाभूत वर्ग आला आणि त्यात स्थानिक भाषेलाही थोडी जागा मिळाली. त्या तासांना माणूस हवा होता. मेडिसिन विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई माझ्या पत्नीच्या वर्गमैत्रीण. वर्गमैत्रिणीच्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

मेडिसिन म्हणजे औषध, एवढेच आपण जाणतो. मेडिकल कॉलेजात त्याचा अर्थ निराळा आहे. सुरी न लावता ज्यांचा विचार करायचा ते सारे आजार, म्हणजे हृदयाचे, फुफ्फुसांचे, यकृताचे, मूत्रपिंडांचे, मेंदूचे, शिवाय ताप, मधुमेह, रक्तदाब हा सगळा पसारा मेडिसिनचा. सर्जन मंडळी पोट उघडून पाहतात. मेडिसिनवाल्यांना पोट न उघडता आत काय चालले आहे ते ओळखायचे असते. हे शिकवायची जागा म्हणजे वर्ग नव्हे, रोग्याची खाट.

ते मला पुढे कळले. आधी मी माझ्या पद्धतीने वर्ग घेतला. फळ्यावर लिहून शब्द दिले : वेदना, शौच, श्वसन, निद्रा, क्षुधा. विभक्तीचे प्रत्यय घोटून घेतले. मुलांनी वह्या भरल्या, शेवटच्या दिवशी मला पेढे दिले. आपण आरोग्यसेवेला हातभार लावला, अशा समाधानात मी घरी आलो.

वर्षभराने बाईंचा पुन्हा फोन. ही मुले आता दुसऱ्या वर्षात जाऊन वॉर्डात येऊ लागली होती. “तुमचे विद्यार्थी काय बोलतात ते एकदा येऊन ऐका,” बाई म्हणाल्या. आवाजात हसू होते. ते मला स्तुतीचे वाटले.

सकाळी साडेनऊला पुरुषांच्या वॉर्डात पोचलो. दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा, फिनेलचा वास, एका खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. एका खाटेच्या उजव्या अंगाला पांढरे एप्रन घातलेली दहा-बारा मुले उभी. (उजव्याच अंगाला. रोग्याच्या उजव्या बाजूला उभे राहून तपासायचे हा नियम. चुकून कोणी डावीकडे गेला तर बाई न बोलता नुसत्या पाहतात, आणि तो खाटेला वळसा घालून परत येतो.) खाटेवर एक म्हातारा, उसाच्या पट्ट्यातला. पुढे होता माझा राजस्थानी विद्यार्थी, वर्गात विभक्तीत पहिला आलेला. त्याने हात जोडले आणि माझ्याकडे अभिमानाने पाहून विचारले,

“आजोबा, आपणांस शौचास साफ होते का? श्वसनास काही त्रास जाणवतो का?”

म्हातारा गोंधळला. त्यानेही हात जोडले. “डाक्टरसायेब, मी शाळा शिकलेला न्हाई. मराठीत इचारा की.”

वॉर्डभर हशा झाला. मी कुठे पाहावे ते मला कळेना. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी फडके न थांबवता म्हणाल्या, “आवं बाबा, परसाकडला नीट हुतं का, आन चालताना दम लागतो का, त्ये इचारत्यात.”

“आस्सं व्हय!” म्हातारा म्हणाला, आणि जो सुरू झाला तो थांबेना. विहिरीपर्यंत चालले की दम लागतो, आधी दोनदा बसून जात होतो, आता चारदा बसतो. रात्री आडवे झाले की घुसमटते, म्हणून भिंतीला टेकून झोपतो. पाय संध्याकाळी सुजतात, पायताण घट्ट होते. बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. तो थांबल्यावर त्यांनी मुलांना विचारले, “आता सांगा, अजून हात लावलेला नाही. काय असेल?” केरळची मुलगी हळूच म्हणाली, “हृदय थकलंय.” बाईंनी मान हलवली. पायताण घट्ट होणे हे कोणत्याही ग्रंथात नसते, पण त्यातच उत्तर होते.

त्या दिवशी मी परतलो तो जरा खाली मान घालूनच. पण नंतर पुष्कळ आठवडे, शनिवारी माझे तास नसत तेव्हा, मी त्या वॉर्डात जात राहिलो; शिकवायला नव्हे, ऐकायला.

खाटेपाशी शिकवण्याची ही रीत आपल्याला फार स्वाभाविक वाटते, पण ती कोणीतरी मुद्दाम घालून दिलेली आहे. हॉलंडमधल्या लायडन गावी अठराव्या शतकाच्या आरंभी बोअरहावे नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताशी खाटा अवघ्या १२. सहा पुरुषांच्या, सहा बायकांच्या. त्या १२ खाटांपाशी शिकायला युरोपभरातून विद्यार्थी येत. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचे इस्पितळ १८८९ साली उघडले आणि त्याचे मेडिकल कॉलेज १८९३ साली. तिथे विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्याला व्याख्यानाच्या बाकावरून उठवून वॉर्डात कामालाच लावले. स्वतः एवढा मोठा ग्रंथकार, पण त्यांची इच्छा काय? तर आपण मुलांना वॉर्डात शिकवले, एवढेच आपल्यामागे लोकांनी म्हणावे. आपल्याकडे मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले ते जमशेटजी जीजीभाईंच्या इस्पितळाला लागून. आणि १९२६ साली परळला शेठ गोवर्धनदास सुंदरदास कॉलेज निघाले ते के.ई.एम.च्या खाटांसह. कॉलेज आणि खाटा यांची अशी जोडी असते, म्हणून तर त्याला शिकवणारे इस्पितळ म्हणायचे.

बाईंचा वर्ग कसा चालतो ते सांगण्याजोगे आहे. आधी परवानगी. ‘मावशी, ही मुलं शिकतायत, यांनी तपासलं तर चालेल का?’ नाही म्हटले तर पुढची खाट. मग पडदा. मग हात चोळून गरम करायचे. थंड हात पोटावर पडला की पोट आवळते आणि आतले काही लागत नाही. डोळ्यांनी पाहणे, हातांनी चाचपणे, बोटांनी ठोकणे, नळीने ऐकणे, हा क्रम. प्लीहा वाढली आहे का ते पाहायचे तर हात उजव्या ओटीपोटापासून तिरका डाव्या बरगडीकडे न्यायचा आणि रोग्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगायचा. श्वासाबरोबर प्लीहा खाली येऊन बोटाला टेकते. घाई करून थेट बरगडीखाली हात घातला तर फार मोठी वाढलेली प्लीहा हाताखालीच असून कळत नाही. मुलांना हे ऐकून कळते, पण बोटाला कळायला महिने लागतात.

ठोकण्याची कथा मला विशेष आवडली. छातीवर डाव्या हाताचे मधले बोट टेकवून उजव्याच्या मधल्या बोटाने त्यावर टकटक करायचे. हवा असली तर आवाज मोकळा, पाणी झाले असले तर भरलेल्या घागरीसारखा बद्द. ही विद्या शोधली आउएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी, आणि १७६१ साली ती छापली. त्यांचे वडील खानावळवाले. पिंपात दारू कुठवर आहे ते पिंप ठोकून पाहायची रीत घरातच पाहिलेली, ती त्यांनी माणसाच्या छातीला लावली असे सांगतात. हे ऐकून घरी आल्यावर मी तांदळाचा डबा ठोकून पाहिला. पत्नी म्हणाली, “झाकण उघडून पाहिलंत तरी चालतं.”

पत्नीचे म्हणणे चुकीचे नाही. आज सोनोग्राफी आहे, सी.टी. आहे, एम.आर.आय. आहे; मग टकटक कशाला? मी बाईंना हेच विचारले. त्या म्हणाल्या, “यंत्र कुठं लावायचं ते कोण सांगणार? अख्ख्या माणसाची रोज एम.आर.आय. काढता येत नाही. आणि मुख्य म्हणजे रोगी बोलतो, यंत्र बोलत नाही.” मग त्यांनी मला १९७५ साली इंग्लंडात झालेल्या एका पाहणीची हकिगत सांगितली. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रोग्यांची ती पाहणी. त्यांपैकी ६६ जणांचे निदान नुसत्या त्यांच्या बोलण्यावरून, हात लावण्याआधी झाले, आणि ते अखेरपर्यंत टिकले. अंग तपासून फरक पडला ७ जणांत, आणि प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी आणखी ७ जणांत. त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली, पण रोग्याच्या बोलण्याची किंमत काही उतरली नाही, असे बाई म्हणतात. दुसरी पाहणी अमेरिकेतली, १९८४ सालची. रोगी आपली तक्रार सांगू लागला की डॉक्टर त्याला सरासरी किती वेळाने तोडतो? १८ सेकंदांनी. मी वर्गात विद्यार्थ्यांना किती सेकंदांनी तोडतो, ते मोजायचे धाडस मी अजून केलेले नाही.

या बोलते करण्याला मेडिकल कॉलेजात ‘हिस्टरी घेणे’ म्हणतात. मला आधी इतिहासाचा पेपर आठवला. हिस्टरीच्या कागदावर पहिला रकाना मुख्य तक्रारीचा, आणि नियम असा की ती रोग्याच्याच शब्दांत लिहायची. नियम सुरेख आहे. पण कागद इंग्रजी! रोग्याचे शब्द मराठी, तेही सांगोल्याकडचे निराळे नि सावंतवाडीकडचे निराळे. विद्यार्थी ते मनात हिंदीत किंवा मल्याळममध्ये नेतो आणि उतरवतो इंग्रजीत. तीन नद्या ओलांडून आलेल्या माणसाच्या अंगावर काय उरत असेल?

म्हणून मी एक वही घातली. मावशी, वॉर्डातले मामा, सिस्टर आणि खाटांवरची मंडळी हे माझे गुरू. ही वही भरताना मला जो आनंद झाला तो माझ्या पीएच.डी.च्या राहून गेलेल्या प्रबंधाने कधी दिला नसता.

दुखण्याचेच पाहा. इंग्रजीत पेन म्हटले की झाले. आपल्याकडे चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, मुरडा येतो, उसण भरते, आग होते, चुणचुणते, सलते. हे समानार्थी शब्द नव्हेत. चमक निघते ती क्षणाची. कळ येते आणि जाते. ठणका नाडीबरोबर ठोके देतो, तिथे बहुधा पू धरलेला असतो. ज्याला हा फरक कळला त्याचे निम्मे काम झाले. नुसते ‘चक्कर येते’ म्हणणाऱ्याला बाई कधी सोडत नाहीत. घर फिरते का? की डोळ्यांपुढे अंधारी येते? की चालताना तोल जातो? की नुसते गळून गेल्यासारखे होते? पहिल्याचे कारण कानात सापडेल, दुसऱ्याचे रक्तदाबात किंवा हृदयात, तिसऱ्याचे मेंदूत किंवा पायांच्या नसांत, आणि चौथ्याने कदाचित सकाळपासून काही खाल्लेलेच नसेल.

परक्या मुलांची फजिती होते ती निराळीच. बाई म्हणाली, ‘उन्हाळी लागली,’ तर एकाने लिहिले, उन्हाळ्यात त्रास होतो. वास्तविक तिला लघवीला जळजळ होत होती. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे पोटातले पित्त नव्हे, कातडीवरच्या गांधी. आणि गांधी उठल्या म्हटल्यावर तर केरळची मुलगी उठून उभीच राहिली. ‘दिवस गेलेत’ हे काळाविषयीचे विधान नाही, ही सुवार्ता आहे. हसण्यावारी न्यावे असे हे सगळे नाही. ‘अंगावरून जातंय’ म्हणणारी बाई स्त्रीरोग विभागाची. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणणाऱ्या बाईच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. गुठळी विरघळवायचे औषध द्यायचे तर ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मधल्या एका ‘वाऱ्या’वर तिचा हात-पाय अवलंबून. आणि आपली पांढरपेशी मंडळी काही मागे नाहीत. छातीवर दगड ठेवल्यासारखे होऊन घाम सुटला तरी आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो आणि डॉक्टरलाही तेच सांगतो.

आता वहीतला एक शब्द राहिला. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो मी वॉर्डात शिकलो नाही.

माझी एक आत्या आहे. वय आता सत्तरीला टेकलेले. काही वर्षांपूर्वी तिची पाठ दुखू लागली. तालुक्याच्या गावी औषधे झाली, मालिश झाली; मग मी तिला शहरातल्या एका इस्पितळात घेऊन गेलो. तरुण डॉक्टर होता, परप्रांतातला, सौम्य. त्याने मोडक्या मराठीत नीट विचारपूस केली. किती दिवस दुखते, पडला होतात का, वजन उतरले का. आत्या म्हणाली, “वय झालं, उतरायचंच.” मग त्याने विचारले, “ताप येतो?”

आत्या म्हणाली, “नाही बाबा, ताप नाही.”

त्याने लिहिले : ताप नाही. मी शेजारी स्टुलावर बसलो होतो. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, तपासत होतो. वेदनाशामक गोळ्या, पट्टा आणि विश्रांती घेऊन आम्ही परतलो.

चार महिन्यांनी तिचे पाय लुळे पडू लागले. तेव्हा पुढच्या तपासण्या झाल्या, आणि निघाला मणक्यांचा क्षय. दोन मणके झिजलेले, आणि पू मज्जारज्जूवर दाबत होता. शस्त्रक्रिया झाली, औषधे वर्षाहून अधिक चालली. आत्या वाचली, चालू लागली. पण काठीशिवाय नाही, आणि पाठ कायमची वाकली. तिच्या खाटेशी बसलो असताना मी सहज विचारले, “आत्या, तुला ताप कधीच आला नव्हता?”

“ताप कुठला रे? संध्याकाळची जराशी कसर यायची. रोजच यायची. दिवा लावायच्या सुमाराला.”

कसर. अंग तापत नाही, मोडून येत नाही, मनुष्य अंथरूण धरत नाही. नुसते अंग बारीक कढत लागते, त्याला आपल्याकडे ताप म्हणतच नाहीत. संध्याकाळची कसर, उतरणारे वजन आणि न थांबणारे दुखणे ही तिन्ही एकत्र आली की क्षयाची शंका घ्यायची, हे बाईंच्या वॉर्डात दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असते; जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्याच देशात आहे. डॉक्टरने योग्य प्रश्न विचारला होता. आत्याने खरे उत्तर दिले होते. दोघांच्या मध्ये एक एम.ए. मराठी बसला होता. त्याला कसर, कणकण, ताप आणि ज्वर यांतला भेद व्युत्पत्तीसह सांगता आला असता. तो उत्तरपत्रिकांवर लाल पेन्सिल चालवीत होता.

हे मी कोणाला सांगितले नव्हते. वही दाखवताना बाईंना सांगितले. त्यांनी माझे सांत्वन वगैरे केले नाही. थोडा वेळ वहीची पाने उलटली आणि म्हणाल्या, “आत्या येतील का आमच्या वर्गाला?”

मी चटकन हो म्हणू शकलो नाही, त्याला कारण होते. खाटांवरच्या मंडळींना या शिकण्याची काय किंमत पडते, ते मी एव्हाना पाहिले होते. एका बाईंच्या हृदयाची झडप लहानपणीच्या सांधेतापाने अरुंद झालेली; त्या वर्षानुवर्षे येणाऱ्या. परीक्षेला जुन्या रोग्यांना बोलावतात, तशा यांनाही बोलावतात. घाबरलेल्या मुलाला त्याच हळूच सांगतात, “मला डाव्या कुशीवर वळव, नळीची बारकी बाजू लाव, मग ऐकू येईल.” किती मुले या बाईंच्या पुण्याईवर पास झाली असतील! पण एकदा त्याच बाई पडद्याआड म्हणाल्या, “आज ही चौथी टोळी. ब्लाऊजची बटणं लावायची नि काढायची, हाच धंदा झालाय.” बाईंनी त्या दिवशी वर्ग तिथेच थांबवला.

वाचकहो, आपल्यापैकी किती जण दहा अनोळखी मुलांना आपले पोट दाबू देतील? आपण खाजगी खोलीत झोपतो, दारावर पाटी असते. पण त्या खोलीत जे निष्णात डॉक्टर येतात, त्यांची बोटे तयार झाली ती जनरल वॉर्डातल्या पोटांवर. ज्यांच्या घरी यंदा कोणी डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसले आहे, त्यांनी क्लासची फी मोजताना या दुसऱ्या फीचाही हिशेब ठेवावा. ती आपण भरत नाही.

आत्याला मी भीत भीतच विचारले. ती म्हणाली, “मला काय धाड भरली आहे? येते की. पण मी केस नाही हो, सांगून ठेव त्यांना. पाहुणी म्हणून येईन.”

ती नऊवारी नेसून, काठी टेकत आली. वॉर्डालगतच्या छोट्या खोलीत तिला हाताची खुर्ची दिली. मुले समोर बाकांवर. बाईंनी मुलांना काहीच सांगितले नव्हते. पाठदुखीच्या एक आजी आहेत, त्यांची सुरुवातीची हकिगत विचारून काढा, एवढेच. विचारायला पुढे आला तो राजस्थानी मुलगा. आता तो ‘आपणांस’ म्हणत नव्हता.

“आजी, कधीपासून दुखायला लागलं?”

आत्या बोलू लागली. दिवाळीच्या फराळाला बसली होती तिथपासून, करंज्यांच्या पुरणासकट. मी घड्याळाकडे पाहिले. अठरा सेकंद केव्हाच झाले होते. मुलगा ऐकत होता. चार मिनिटे झाली. आत्या सुनेच्या माहेरापर्यंत पोचली, मला घाम फुटला, बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मग आत्या आपण होऊन पाठीवर परत आली.

“ताप यायचा का, आजी?”

“नाही.”

मुलाने पेन टेकवले. लिहिले मात्र नाही. “अजिबात नाही? अंग गरम लागायचं? संध्याकाळी वगैरे?”

“हां, कसर यायची. पण तो काही ताप नव्हे.”

“कसर म्हणजे कसं, ते सांगा ना.”

आत्याने त्याला जवळ बोलावले, त्याचा हात आपल्या मनगटावर ठेवला आणि समजावून सांगितले : चूल विझल्यावर राखेवर हात धरला की लागते तेवढे. मागच्या बाकावर केरळची मुलगी भराभर लिहीत होती. मी माझी वही खिशातच ठेवली. चुलीच्या राखेची उपमा माझ्या वहीत नव्हती.

“तुझं गाव कुठलं रे?” आत्याने मध्येच विचारले.

“बिकानेर, आजी.”

“मग तिकडं काय म्हणतात कसरीला?”

मुलगा थांबला. त्याला हे आजवर कोणी विचारले नसावे. त्याने छताकडे पाहिले. घरातल्या कोणाचा तरी आवाज आठवीत असावा. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

“हरारत,” तो म्हणाला. “माझी दादी म्हणते. बुखार नाही, हरारत.”

“हरारत,” आत्याने म्हणून पाहिले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “घे, लिहून घे तू पण.”